काढत्या-घालत्या खिडक्या

मुकुंदरावांच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या खिडक्या दारावरून काढता-घालता येत, पण त्यांचं प्लास्टिक पार पिवळं पडून तडकल्यानं त्या काढूनच ठेवलेल्या असत. "वाऱ्यानं माझा अवतार होतो," म्हणत हेमलताबाई त्या गाडीत कधी बसल्याच नाहीत.

निवृत्तीनंतर मुकुंदरावांनी चौकटी घासल्या, नवं अ‍ॅक्रिलिक बसवलं, कडेनं रबर लावलं आणि बायकोला कासच्या पठारावर यायला राजी केलं.

वारा खरंच आत येत नव्हता. पण मुकुंदरावांचा आवाजही बाहेर जात नव्हता. यवतेश्वरचा घाट संपला, तरी त्यांचं स्क्रूपुराण संपेना.

बाईंनी गाडी थांबवायला लावली आणि आपल्या बाजूची खिडकी काढून मागे टाकली. "आता खुशाल बोला. मला काही ऐकू येणार नाही."

मुकुंदराव खाली उतरले आणि आपलीही खिडकी काढू लागले.

"मग मीच तुझं का ऐकून घेऊ?"