पाठीवरचं नाव

पुलाखालचं वळण घेतलं आणि धर्मपालला पुढं यशदीप पळताना दिसला.

निळा टी-शर्ट, पाठीवर पांढऱ्या ठळक अक्षरांत नाव. पळण्याच्या क्लबानं सगळ्यांसाठी असे शर्ट करून घेतले होते, प्रत्येकाच्या छातीवर आणि पाठीवर त्याचं त्याचं नाव. यशदीप नावाचा पोरगा क्लबात एकच होता. धर्मपालचा मुलगा. मागच्या वर्षीच्या पावसाळ्यात डेंग्यूनं तो गेला, तेव्हा नुकतीच नोकरी लागली होती त्याला.

धर्मपालचा पाय अडखळला. मागून येणारा जवळजवळ अंगावर आला. "अंकल, साईड!" म्हणत पुढं निघून गेला.

नाताळच्या आठवड्यातली रेस. तेलीबांध्याच्या तळ्याकाठी सकाळीच जत्रा भरली होती. लाल टोप्या घातलेल्या कॉलेजच्या पोरी कडेला उभ्या राहून येणाऱ्याच्या छातीवरचं नाव वाचत आणि त्याच नावानं ओरडत.

"शाबाश, यशदीप भैया! बहुत बढ़िया!"

निळ्या शर्टानं हात वर केला.

धर्मपालच्या घरात ते नाव आता कोणी घेत नसे. नातेवाईक आले तर "तो असता तर" इतकंच म्हणत आणि गप्प होत. इथं भर रस्त्यात, उन्हात, अनोळखी पोरी ते नाव घसा फोडून ओरडत होत्या आणि हाकेला ओ मिळत होती.

पळणारा यशदीप नव्हता, हे त्याला पहिल्याच नजरेत कळलं होतं. यशदीप हलका पळायचा, पाय टेकल्याचा आवाजसुद्धा यायचा नाही. हा धपाधप टाचा आपटत होता. खांदे रुंद, मान आखूड. कळलं होतं, तरी नजर पाठीवरून हलेना. शुगर निघाली तेव्हा यशदीपनंच त्याला ओढून क्लबात आणलं होतं. पहिल्या दिवशी दम लागून तो खाली बसला, तेव्हा पोरगा म्हणाला होता, "पप्पा, रास्ता मत देखो. मेरी पीठ देखो."

लोकेश बाजूला येऊन पळू लागला. यशदीपचा जिगरी दोस्त. त्यानंही शर्ट पाहिला होता, चेहरा तापला होता.

"काका, तुम्ही थांबा. मी जाऊन विचारतो त्याले, कुठून आणला म्हणून. उतरवूनच घेतो."

"नको."

"अरे पण काका, हमारे यश का है वो!"

"माहीत आहे मले. पळू दे त्याले."

लोकेश धर्मपालकडं पाहत बाजूबाजूनं पळत राहिला.

धर्मपालनं अंतर राखलं. तो फार मागं पडला नाही आणि जवळही गेला नाही. जवळ गेलं की ओलांडावं लागणार, ओलांडलं की चेहरा दिसणार. रोज तो शेवटच्या दोन किलोमीटरला पाय ओढत चालायचा. आज गुडघे ठणकत होते, छाती भरून आली होती, तरी तो पळत होता. पुढचा वळला की वळत होता. पाण्याच्या टेबलाशी तो थांबला, तर धर्मपालही लांबच थांबला, पाणी न पिता.

शेवटची कमान दिसू लागली आणि निळा शर्ट मंदावला. मग चालू लागला. मग दोन्ही हात कमरेवर ठेवून रस्त्याच्या मधोमध उभाच राहिला. पाठ वरखाली होत होती, नाव घामानं चिकटलं होतं.

धर्मपालला आता थांबायला जागा नव्हती. मागून लोंढा येत होता. दहा पावलांत तो त्या माणसाच्या बरोबरीला आला असता.

"यशदीप!"

आपणच ओरडलो, हे त्याला आवाज ऐकल्यावर कळलं. लोकेशनं दचकून पाहिलं.

"यशदीप! थांबू नको, बेटा! पळ!"

पुढच्या माणसानं मागं पाहिलं नाही. हात कमरेवरून काढले, मान ताठ केली आणि धपाधप टाचा आपटत कमानीकडं निघाला. गर्दीनं टाळ्या वाजवल्या. निळा रंग कमानीखालून गेला आणि लाल टोप्यांत मिसळला.

धर्मपाल कमानीतून चालतच आत आला. कोणीतरी त्याच्या गळ्यात मेडल अडकवलं. पलीकडं गवतावर दमलेले लोक पसरले होते.

"काका, तिथं पडला आहे तो. चेहरा तो देख लो एक बार," लोकेश म्हणाला.

धर्मपालनं नकारार्थी मान हलवली आणि गळ्यातलं मेडल न काढता स्कूटरकडं वळला.

घरी त्याची बायको भीमाबाई ओसरीत उन्हाला बसून मटर सोलत होती. तो तिच्याजवळ खालीच बसला. बुटांच्या नाड्या सोडवू लागला.

"तो निळा टी-शर्ट कोणाले देल्ला?"

"विहारात. गरिबांले वाटायले कपडे जमा करून राह्यले होते. कपाट उघडलं का तोच समोर यायचा." तिनं पुढची शेंग उचलली. "काहून?"

"आज माह्या पुढं पळून राह्यला होता."

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. तिनं त्याच्याकडं पाहिलं.

"लय दमला होता काय?"