चूक

ग्वाक मुह्योन यांनी चाळीस वर्षं कोरियातल्या जोन्जू शहरात गयागुम या पारंपरिक तंतुवाद्याच्या तारा छेडल्या. अर्धांगवायूनंतर बोटं थरथरू लागली. लेकीने, सेरिनने, त्यांच्यापुढे कॉम्प्युटरला जोडलेला कीबोर्ड ठेवला. कॉम्प्युटरमधल्या प्लगइनमुळे, म्हणजे सूर आपोआप सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमुळे, कुठलीही पट्टी दाबली तरी गयागुमचा, नेमक्या स्वरावलीतलाच सूर निघायचा.

बाबांनी चाचपडत पट्ट्या दाबल्या. सुरेल धून उमटली.

“बाबा, एकही सूर चुकला नाही!” सेरिनचे डोळे भरून आले.

ते थबकले. मग त्यांनी मुद्दाम अख्खी मूठ पट्ट्यांवर आपटली. तरीही गोडच वाजलं.

पुन्हा आपटली. पुन्हा गोडच.

“बंद कर हे, पोरी,” ते म्हणाले. “आता चुकणंसुद्धा माझ्या हातात राहिलं नाही.”