मन्मथचा चेंडू

या माऊली, असे जवळ बसा, एक गोड गोष्ट ऐका.

मुखेडच्या एका अंगणवाडीत शिवकांताताईंनी खेळ मांडला. ज्याच्याकडं चेंडू फेकायचा, त्याचं नाव मोठ्यानं घ्यायचं. नुकतंच लग्न झालेल्या ताईंनी बुशरा, अजहर, अक्षरा अशी नावं घेत सगळ्यांकडं चेंडू फेकला. चिमुकल्या मन्मथकडं मात्र तो गेलाच नाही.

लेकराचे डोळे भरून आले. "ताई, माझं नाव लई वंगाळ हाय का?"

लाजत लाजत ताईंनी पदर सावरला, चेंडू उचलला आणि चक्क उखाणा घेतला:

"उडत्या चेंडूवर नजर नीट धरा,
मन्मथरावांचं नाव घेते, झेल रे पोरा!"

माऊली, नामस्मरणाला बसाल, तेव्हा आपलं नाव कुणी घ्यावं म्हणून आसुसलेल्या या लेकराचीही आठवण ठेवा.