राहिलेली ओळ

लातूरच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गुरुपादप्पा सर दर बॅचला तोच प्रोग्राम द्यायचे. घरातल्या माणसांची नावं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत लिहायची. नाव मेमरीत तयार करणारा कन्स्ट्रक्टर चालला की पडद्यावर 'अमका आला' उमटायचं, प्रोग्राम संपताना ते पुसून टाकणारा डिस्ट्रक्टर चालला की 'अमका गेला'.

नांदेडहून आलेल्या मनस्विनीनं आजी, बाबा, आई आणि शेवटी स्वतःचं नाव घातलं. प्रोग्राम चालवला आणि ती चरकली. जाणाऱ्यांत पहिलं नाव तिचंच होतं. आजी सगळ्यांत शेवटी.

"सर, माझं काहीतरी चुकलं. सगळं उलटं आलंय."

"बरोबर हाय. जो शेवटी येतो तो आधी जातो. मशीनचा कायदाच हाय तसा."

"पण घरात असं कुठं होतं का, सर?"

सरांनी स्वतःचा जुना प्रोग्राम चालवला आणि पडदा तिच्याकडं वळवला. गुरुपादप्पा आला. रत्नम्मा आली. सोमेश आला. शरणू आला. मग शरणू गेला. सोमेश गेला. रत्नम्मा गेली. पुढं काहीच नाही.

मनस्विनीनं वरपासून खालपर्यंत दोनदा वाचलं. सरांचीच चूक काढायची म्हणजे तिच्या जिवावर आलं, तरी तिनं सांगितलंच.

"सर, आलेले चार आहेत आणि गेलेले तीनच. तुमची ओळ राहिली."

"हाव," सर पडद्याकडं बघतच म्हणाले. "भूकंप झाल्यापासनं तीच चूक शोधायलोय, पोरी."