रविवारी येणारा सभासद

"काका, तुमचा मुलगा घरीच असतो का? मग कधी दिसला कसा नाही?" ऑफिसात नवीन लागलेल्या कॉम्प्युटर ऑपरेटर मुलीनं एक कागद पुढे सरकवत विचारलं.

सायकल मंडळाचे सचिव चष्मा पुसत होते. त्यांचा हात थांबला. पोरगी नवी, तिला काय ठाऊक? दोन वर्षांपूर्वी बापलेकांत शब्दाला शब्द लागला आणि मुलगा घरातून गेला तो गेलाच. ना फोन, ना पत्ता. फक्त दर रविवारी अकराच्या सुमाराला तो मंडळाच्या वेबसाइटवर येई, दहाबारा मिनिटं थांबे आणि जाई. कोणता सभासद कधी आला, किती वेळ थांबला, हे सचिवांना टेबलावरच्या पडद्यावर दिसत असे. दुधाची तहान ताकावर भागवायची, दुसरं काय! घरी जेवताना ते बायकोला सांगत, "आज आला होता बरं का. बारा मिनिटं." ती मान खाली घालून "बरं" म्हणे आणि वाढत राही.

समोरचा कागद त्यांनीच मागवला होता. काही फुकटे स्वतःचं खातं बंद पडलं की दुसऱ्या सभासदाच्या पासवर्डवर आत शिरतात, मंडळाचे नकाशे वापरतात आणि वर्गणीच्या नावानं बोंब. म्हणून आठवडाभर त्यांनी मुलीच्या मागे धोशा लावला होता की कोण कुठल्या कनेक्शनवरून येतं ते मला पाहिजे. एकाच कनेक्शनवर दोन नावं दिसली की धरायची. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शनिवारपर्यंतच्या त्या यादीत नऊ जोड्या होत्या, आणि चौथ्या जोडीत त्यांचं स्वतःचं नाव होतं. त्याच्या खाली मुलाचं.

"चुकलं असेल तुझं काहीतरी."

"नाही हो, काका. दोन्ही तुमच्या घरच्याच कनेक्शनवरून. तुम्ही आपले संध्याकाळी कधीतरी, आणि हे दर रविवारी अकराला. वर्षभराचं काढलंय मी. एकदाही दुसरीकडून नाही."

रविवारी अकराला सचिव इथे, याच खुर्चीत असत. बापाची बसायची वेळ पोरगा विसरलेला नाही, मुद्दाम तेव्हाच येतो, असं ते इतके दिवस मनाशी धरून होते. आणि त्या वेळी घरात एकच माणूस असे. मुलाच्या खोलीतला जुना कॉम्प्युटर कोणी हलवला नव्हता. त्याचा पासवर्ड त्यातच साठवलेला असणार, बटण दाबलं की झालं.

"यांना नोटीस काढू ना?" मुलीनं विचारलं.

"त्या चौथ्या जोडीला नको," ते म्हणाले आणि उठले. आज रविवार, पण आजची नोंद पाहायचीही त्यांना शुद्ध राहिली नाही.

सायकल हातात धरून ते चालतच घराकडे निघाले. आधी संताप आला. इतके दिवस मला बनवलं! शेंबड्या पोराला बनवावं तसं! मग आठवलं, मुलगा गेल्यावर चार महिने आपल्याला अन्न गोड लागत नव्हतं. रात्र रात्र खोकत अंगणात बसून राहायचो. ज्या रविवारी त्याचं नाव पहिल्यांदा पडद्यावर दिसलं, त्या दुपारी आपण पोटभर जेवलो होतो आणि ती समोर बसून नुसती बघत होती. कोपऱ्यावर येईपर्यंत त्यांचा राग पार विरून गेला आणि नुसतं रडू यायला लागलं. पोरगा एकदाही आला नव्हता. बायकोला काही म्हणून कळू द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. तिनं आपल्यासाठी जे चालवलंय ते तसंच चालू द्यायचं.

हातपाय धुऊन ते जेवायला बसले. नेहमीच्याच आवाजात, भाताकडे बघत म्हणाले, "आला होता बरं का."

बायकोचा वाढता हात वरच राहिला. "आज?"

"हो, आजच. आत्ता अकराला."

"अहो, पण आज तर सकाळपासून आपलं इंटरनेट बंद..."

काय करून बसलो, ते सचिवांना कळलं. पण बायकोला आपल्या तोंडून काय निसटलं याचं भानही नव्हतं. ती भिंतीकडे बघत होती, आणि तिचा चेहरा बघता बघता बदलत होता.

"म्हणजे आला," ती म्हणाली. "खरंच आला. त्याचा तो आला!"

तिनं हातातला डाव खाली ठेवला. मुलगा गेला त्या दिवशीही ती त्यांच्यासमोर रडली नव्हती. आता मात्र तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. सचिवांनी तोंड उघडलं. खरं सांगायचं असेल तर आत्ताच, पुन्हा कधी सांगता येणार नाही, हे त्यांना समजत होतं.

पदरानं डोळे पुसत तिनं खुर्ची ओढली आणि त्यांच्या अगदी जवळ येऊन बसली.

"सांगा ना," ती म्हणाली, "काय काय बघितलं त्यानं?"

सचिवांनी ताटातला भात कालवायला घेतला.

"आधी फोटो बघितले," ते म्हणाले. "जुन्या सहलींचे."

"आणि?"