मोगऱ्याला पाणी

तात्यारावांनी मोगऱ्याची वाळकी काडी कटकन मोडली आणि त्यांच्या पाठीशी उभी असलेली सुशीला एक पाऊल मागे सरली. बिदरला, मैलूर भागातल्या लेकीकडे महिनाभर राहून सासरे आजच आळंदला परतले होते. पिशवी ओट्यावर टाकून, चहासुद्धा न घेता ते थेट बागेत शिरले होते. बागेत बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पानं गळून पडली होती आणि वाफ्यांतल्या काळ्या मातीला भेगा गेल्या होत्या.

बाग सुशीलानंच मारली होती. जाणूनबुजून. सासऱ्यांची मोटार हलली त्या दिवसापासून तिनं मोगऱ्याला घागरभरसुद्धा पाणी दाखवलं नव्हतं.

तिला आईच्या गावी, कोहिनूरला जायचं होतं. मोटारीनं दोन-अडीच तासांची वाट. पण लग्नाला तीन वर्षं झाली तरी ती माहेरी एक रात्र राहिली नव्हती. पावसाळ्यात कलमं लावायची असत, थंडीत खुरपणी, उन्हाळ्यात दोन वेळा पाणी. तालुका कचेरीतून पेन्शनीत निघाल्यापासून तात्यारावांना मोगऱ्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. त्यांचे गुडघे गेले होते, म्हणून पाणी सुनेनं शेंदायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी मोगऱ्याला मानवत नाही, हा त्यांनीच लावलेला शोध. स्वतः मात्र दरसाल लेकीकडे खुशाल महिना काढून येत. नवरा व्यंकट भला माणूस. इतका भला, की वडिलांपुढे त्याचं तोंडच उघडत नसे.

संक्रांतीला आईचा निरोप आला होता. तिची नजर जात चालली होती. "डोळे हायत तवर पोरीचं तोंड बघू द्या," असं तिनं कळवलं होतं. त्यावर तात्याराव म्हणाले होते, "जाईल की. पण एवढी बाग हाय तवर ही घर सोडून कशी जाती?" सुशीलानं ते शब्द मनात धरून ठेवले. बाग आहे तोवर.

"कुणी शिकिवलं तुला हे?" तात्यारावांनी वळून विचारलं.

सुशीलानं पदर डोक्यावर ओढून घेतला.

ते कण्हत खाली वाकले आणि झाडाच्या बुडाजवळची साल त्यांनी नखानं खरवडली. आत हिरवंगार होतं.

"ताण दिलीस व्हय? शाब्बास पोरी! कळ्या धरायच्या आधी मोगऱ्याला तहानेनं मारावं लागतंय. मला ठाव हाय, पण माझं मन धजत न्हाई. तू बरी धजलीस!"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळी झाडं छाटून घेतली, खत घातलं आणि सुशीलानं शेंदलेलं पाणी वाफ्यांत सोडलं. पाडव्यापर्यंत बाग पांढरीफेक झाली. असा मोगरा आळंदात कुणी पाहिला नव्हता. शेजारच्या नागम्मापासून गल्लीतल्या सगळ्या बायका ओंजळी भरभरून फुलं नेत आणि सुशीलाच्या हाताच्या गुणाचं कौतुक करत. सुशीलाला ते कौतुक ऐकवत नसे. सगळ्या घरात वास भरून राही आणि तिचा जीव घुसमटे. आपल्याच हातांनी तिनं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता.

पाडव्याला तिचा थोरला भाऊ श्रीमंत तिला न्यायला आला.

"तात्या, चार दिवसांसाठी पाठवा. आईला जवळचंबी धूसर दिसायलंय."

तात्यारावांना खरंच वाईट वाटलं. "पाठविलो असतो रे. पण बघ की ही बाग. हिच्या हाताबिगर चार दिवसांत होरपळून जाईल." मग त्यांना एक युक्ती सुचली. त्यांनी स्वतःच्या हातांनी टोपलीभर मोगरा खुडला. "आईला नेऊन दे. नजर नसली म्हणून काय झालं, वास तर येतोय!"

टोपली सुशीलानं धरली होती. वरची फुलं तिनं सारखी केली. मग तिनं सासऱ्यांना विचारलं, "मामा, तहानेनं मोगरा मरत न्हाई म्हणताव. पाणी लई झालं तर?"

"ह्या काळ्या मातीत?" तात्याराव खुशीत आले. बागेबद्दल सून पहिल्यांदाच आपणहून काही विचारत होती. "ही माती पाणी सोडत न्हाई. मुळ्या कुजत्यात, पंधरा-वीस दिवसांत खलास. अन् वरून कळतबी न्हाई बघ. आपल्याला वाटतंय, आपण माया करायलाव."

श्रीमंतला पोचवायला ती दारापर्यंत गेली. "अण्णा, अखितीला परत ये," ती हळूच म्हणाली. "चुकू नको."

"तवा तरी पाठवतील का गं?"

"तू ये."

अक्षय तृतीयेला अजून महिना होता. सुशीलानं पदर खोचला, आडाला दोर सोडला आणि सकाळीच भिजवलेल्या वाफ्यात घागर ओतली. मग दुसरी. मग तिसरी. आळी तुडुंब भरली.

ओट्यावरून तात्याराव तिच्याकडे कौतुकानं बघत होते. "बस कर पोरी, किती राबायलीस!"

"बाग हाय मामा," सुशीला म्हणाली, "माया करायला नको?" आणि रिकामी घागर घेऊन ती पुन्हा आडाकडे वळली.