मुक्कामापर्यंत मौन

पदयात्रा पनवेलच्या पुलाखाली पोचली तेव्हा हौसेरावांच्या तोंडून पहिला शब्द निसटणारच होता. राजाबाईंनी नुसतं वळून पाहिलं. हौसेरावांनी सुपारी जिभेने पुन्हा गालात ढकलली आणि मुकाट चालू लागले.

पहाटे कामोठ्यातून निघताना ती सुपारी राजाबाईंनीच नवऱ्याच्या हातावर ठेवली होती. "शिवतेजची तीन स्थळं तुमच्या तोंडानं गेली. आता म्या म्हादेवाला बोललीया. पोराचं ठरंस्तोवर ही गालात ऱ्हाऊ द्या. आन् कुणाला सांगू नका. सांगितला नवस फळत न्हाई."

आरोप खोटा नव्हता. हौसेराव भाजी मार्केटात हमालांच्या टोळीचे मुकादम होते. ते निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. मागच्या पाहुण्यांना त्यांनी आपल्या गावच्या विहिरीचा इतिहास सांगायला घेतला आणि पाहुण्यांची शेवटची एसटी गेली. त्यांना अंथरुणं घालावी लागली. सकाळी ते चहासुद्धा न घेता पळाले.

चौथं स्थळ आज पदयात्रेतच चालत होतं. घणसोलीचे मानसिंगराव आणि रंगूबाई, उज्वलाचे आईवडील. दोन्ही घरं मूळची साताऱ्याकडची, दोघांचाही देव शिखर शिंगणापूरचा महादेव. पदयात्राही तिकडेच निघालेली, म्हणजे पुढे घाट आणि डोंगरांमागून डोंगर. "चालताना माणूस कळतो," असं म्हणून मध्यस्थ इंद्रजितने दोन्ही बापांना शेजारी शेजारी लावून दिलं होतं.

मानसिंगराव भलतेच गंभीर निघाले. हातात जपमाळ, नजर रस्त्यावर.

"ह्यांचं चालताना मनातल्या मनात नामस्मरण असतं," रंगूबाई म्हणाल्या.

"आमचं मानूस बी मुळातच अबोल," राजाबाई म्हणाल्या. हौसेरावांना ठसका लागला.

दिवसभर त्यांचे हाल कुत्रा खात नव्हता. इंद्रजितने प्रबळगडाकडे बोट दाखवून त्याला कर्नाळा म्हटलं, तेव्हा त्यांनी उपरण्याचं टोक चावलं. सगळे 'हर हर महादेव' म्हणायचे, तेव्हा दोघे बाप नुसते हात वर करायचे.

त्यात मानसिंगरावांचा उजवा गाल फुगलेला दिसला. दाढ दुखत असणार बिचाऱ्याची. दाढेला लवंग धरावी, हे हौसेरावांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या वाठारच्या चुलत्याची दाढ लवंगेने कशी थांबली, ती गोष्ट तर घाटाच्या माथ्यापर्यंत पुरली असती. त्यांनी कळवळून आपल्या गालावर बोट ठेवलं. मानसिंगरावांनीही तितक्याच कळवळ्याने त्यांच्याकडे पाहिलं, ओठ हलवल्यासारखे केले आणि पुन्हा माळ ओढू लागले.

हौसेरावांना त्या माणसाबद्दल माया वाटू लागली. व्याही असावा तर असा. सणावाराला समोर बसेल, मध्येच तोंड घालणार नाही. जन्मभर ऐकून घेईल. त्यासाठी एक दिवस गप्प राहणं परवडणारं होतं.

उन्हं कलली तशी डोंगराच्या पायथ्याला देवळात पहिला मुक्काम पडला. आरती झाली. पोरापोरीची पसंती आधीच होती. इंद्रजितने विचारलं, "मग, काय ठरवायचं?"

"मानूस शांत हाय. आमची उज्वला सुखात ऱ्हाईल," रंगूबाई म्हणाल्या.

"तुमच्या घरात बी कटकट न्हाई, दिसतंयच की," राजाबाई म्हणाल्या. "आमाला पसंत."

बापांनी माना डोलावल्या. ताटातली सुपारी फोडली गेली, साखर वाटली गेली. राजाबाईंनी नवऱ्याला डोळ्यांनीच मोकळं केलं.

हौसेरावांनी गालातली सुपारी काढली. घसा खाकरला, व्याह्यांकडे वळले आणि लवंगेपासून सुरुवात करायला तोंड उघडलं.

तोवर मानसिंगरावांनी आपल्या गालातली सुपारी काढून तळहातावर घेतली होती. "व्याही, सकाळधरनं तुमचा गाल बगतोय," ते म्हणाले. "दाढेला लवंग धरा. आमच्या पुसेगावच्या मामाचं असंच झालं हुतं. त्ये आधी बैजवार सांगतो, बसा."